कैदेतल्या शिपायाचा माग

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश भारतीय सैन्यातले ७९ हजारांहून अधिक सैनिक शत्रूच्या हाती जिवंत सापडले. त्याच युद्धात मेलेल्या आणि बेपत्ता झालेल्या भारतीय सैनिकांचा अधिकृत आकडा सुमारे ३६ हजार आहे. म्हणजे एक शिपाई कायमचा गेला, तर दोघे तारेच्या कुंपणाआड गेले. पहिल्या महायुद्धात कैदी त्या मानाने कमी झाले, पण २९ एप्रिल १९१६ या एकाच दिवशी इराकमधल्या कुत-अल-अमारा इथे दहा हजारांवर भारतीय माणसे तुर्कांच्या ताब्यात गेली, आणि त्यांत कोकण-देशावरून भरती झालेल्या मराठा पलटणी होत्या. तरीही सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडच्या घरांत लढाईची जी आठवण सांगितली जाते ती चढाईची, पदकाची किंवा वीरमरणाची असते. कैदेची हकिगत सहसा एका वाक्यात संपते: आजोबा पकडले गेले होते, तीन वर्षांनी परत आले.

या अबोलपणाला कारणे होती. शरण जाणे ही पलटणीच्या लेखी अभिमानाने सांगण्याची गोष्ट नव्हती. भूक, हगवण, मार आणि सोबत्यांचे मृत्यू यांबद्दल लेकरांपुढे बोलणे अवघड होते. दुसऱ्या महायुद्धानंतर तर आझाद हिंद फौजेत कोण गेले आणि कोण गेले नाही, या प्रश्नाने अनेक तोंडे बंद केली. आज नातवंडे-पतवंडे जेव्हा या माणसांचा माग काढू लागतात, तेव्हा त्यांच्या हाती एखादे पदक, पेन्शनचे पुस्तक आणि अर्धवट ऐकलेले गावाचे नाव एवढेच असते.

कागदावर मात्र ही कैद बरीच नोंदलेली आहे. अडचण एवढीच की त्या नोंदी माणसाने स्वतः केलेल्या नाहीत आणि त्या एका जागी नाहीत. शिपाई पकडला गेला की स्वतःच्या पलटणीच्या रोजनिशीतून तो नाहीसा होतो. ‘बेपत्ता’ असा शेरा पडतो, काही महिन्यांनी तो बदलून ‘युद्धकैदी’ होतो, आणि तिथून पुढे त्याच्याबद्दल लिहिणारे हात परके असतात. पकडणाऱ्या सैन्याचा कारकून, जिनिव्हातल्या रेडक्रॉसचा स्वयंसेवक, पत्रे उघडून वाचणारा सेन्सॉर आणि युद्ध संपल्यावर खटला चालवणारे न्यायालय यांनी त्याचे नाव जसे ऐकू आले तसे उतरवले. म्हणून नावापासून सुरू केलेला शोध बहुतेक वेळा पहिल्याच पायरीवर अडतो. आधी पलटण ठरवावी, मग ती पलटण कुठे आणि कोणत्या दिवशी हाती सापडली ते पाहावे, आणि त्या दिवसापासून कैद्यांचा जथा ज्या वाटेने गेला ती वाट धरावी. नाव त्या वाटेवर कुठेतरी भेटते.

पलटण ठरवण्याचे सर्वांत खात्रीचे साधन घरातच असते. पहिल्या महायुद्धातल्या चांदीच्या ब्रिटिश वॉर मेडलच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली आहे. हेच पदक काशाचे असेल तर तो माणूस लढणारा शिपाई नसून पलटणीसोबत गेलेला मजूर, भिस्ती, धोबी किंवा डोलीवाला असण्याचा संभव मोठा. दुसऱ्या महायुद्धातली पदके रणक्षेत्र सांगतात. आफ्रिका स्टार असेल तर शोध लिबिया-इजिप्तकडे वळतो, पॅसिफिक स्टार असेल तर मलायाकडे. पदके मोडीत गेली असतील तरी डिस्चार्जचा कागद, फॅमिली पेन्शनची पुस्तिका, मनीऑर्डरच्या पावत्या किंवा शाळेच्या दाखल्यावर बापाच्या व्यवसायापुढे लिहिलेला पलटणीचा क्रमांक उरलेला असतो. हे कागद जपण्यासारखे वाटले नाहीत म्हणून टाकले गेले, अशी घरे दुर्दैवाने पुष्कळ आहेत. निदान जिथे ते उरले आहेत तिथे त्यांची छायाचित्रे काढून ठेवण्याचे काम आधी करावे.

क्रमांक वाचताना काळाचे भान लागते. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणींचे क्रमांक १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ असे होते. १९२२च्या पुनर्रचनेत त्यांची मिळून ‘पाचवी मराठा लाइट इन्फंट्री’ झाली. १०३वी तिची पहिली बटालियन झाली, १०५वी दुसरी, ११०वी तिसरी, ११६वी चौथी, ११७वी पाचवी आणि ११४वी दहावी. त्यामुळे १९१६च्या कागदावर ‘११०’ आणि १९४२च्या कागदावर ‘३/५’ (पाचवीची तिसरी बटालियन) असे दिसले तर ते दोन वेगळ्या पिढ्यांचे, पण एकाच घराण्याच्या सैन्याचे उल्लेख आहेत.

नावांचा आणि गावांचा गुंता याहून मोठा आहे. ‘सावंत’ हे आडनाव रोमन लिपीत चार-पाच प्रकारे लिहिलेले सापडते. ‘महादेव’ एका कागदावर महादू होतो. पुष्कळदा आडनावच नसते, फक्त माणसाचे आणि बापाचे नाव असते. गावापुढे तालुका आणि जिल्हा येतो, पण तो तेव्हाचा. आजच्या सिंधुदुर्गातला माणूस जुन्या कागदांत रत्नागिरी जिल्ह्याचा असतो, कारण तो जिल्हा १९८१ साली वेगळा झाला. रायगडच्या माणसापुढे ‘कुलाबा’ लिहिलेले असते. सांगलीच्या आसपासचा बराच मुलूख तेव्हा सातारा जिल्ह्यात होता. कोल्हापूर, सावंतवाडी, भोर, फलटण, औंध या संस्थानांतल्या शिपायांपुढे जिल्ह्याऐवजी संस्थानाचे नाव येते. त्यात एकाच वाडीत एकाच नावाची तीन माणसे सैन्यात असत. बापाचे नाव आणि शिपाई क्रमांक हे दोन्ही जुळल्याशिवाय कोणत्याही नोंदीला आपला माणूस म्हणू नये.

महाराष्ट्राच्या दृष्टीने या विषयातले सर्वांत मोठे प्रकरण कुतचे आहे. मेजर जनरल चार्ल्स टाउनशेंड यांची सहावी डिव्हिजन पूना डिव्हिजन म्हणूनच ओळखली जात होती. नोव्हेंबर १९१५ मध्ये ती बगदादच्या दाराशी, टेसिफॉनपर्यंत गेली, तिथे तिची मोठी हानी झाली आणि मागे हटत ती टायग्रिस नदीच्या वळणातल्या कुत या गावात येऊन थांबली. ७ डिसेंबरला तुर्कांचा वेढा पूर्ण झाला. आत १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी होत्या, शिवाय बॉम्बे सॅपर्सच्या तुकड्या होत्या. वेढा फोडायला आलेल्या फौजा तीनदा-चारदा अपयशी ठरल्या आणि धान्य संपत आले. घोडे आणि खेचरे कापून त्यांचे मांस देण्यात येऊ लागले तेव्हा बहुतेक भारतीय शिपायांनी ते नाकारले. हिंदुस्थानातल्या धर्माधिकाऱ्यांची संमती तारायंत्राने मागवली गेली, तरी पुष्कळांनी अखेरच्या दिवसांपर्यंत ते तोंडाला लावले नाही. गावी परतल्यावर जात काय म्हणेल ही भीती उपासमारीपेक्षा मोठी होती. परिणामी त्यांच्यात स्कर्व्ही पसरला, आणि शरणागतीनंतर पायी निघालेली माणसे मुळातच खंगलेली होती. कैदेतल्या मृत्यूंचा विचार या आधीच्या पाच महिन्यांपासूनच करावा लागतो.

शरण गेलेल्यांची अधिकृत मोजणी १३,३०० च्या आसपास आहे. त्यांत भारतीय शिपाई जवळजवळ सात हजार आणि बिगरलढाऊ नोकरचाकर सव्वातीन हजारांच्या घरात होते. अधिकाऱ्यांना वेगळे करून अनातोलियात नेण्यात आले. बाकीच्यांना बगदादवरून समाराला आणले गेले. तिथे त्या वेळचा लोहमार्ग संपत होता. पुढे मोसूल, निसिबिन आणि रास-अल-ऐन हा शेकडो मैलांचा वाळवंटी रस्ता उन्हाळ्यात चालून जायचा होता. पाणी कमी, बूट विकून भाकरी घेतलेली, मागे पडेल तो तिथेच राहिलेला. जिवंत पोचलेल्या भारतीयांना बगदाद रेल्वेच्या कामावर लावले गेले. त्यांचा मोठा तळ रास-अल-ऐनला होता, आज ते ठिकाण सीरिया-तुर्कस्तानच्या सीमेवर आहे. मुसलमान कैद्यांना धर्माच्या नावाने वेगळे काढून आपल्याकडे वळवण्याचे प्रयत्न तुर्कांनी केले. हिंदू शिपायांच्या वाट्याला मुख्यतः मजुरी आली. मृतांच्या यादीबरोबर ‘पत्ता न लागलेले’ असा वेगळा वर्ग सरकारला करावा लागला, आणि एखाद्या घरात आजोबांचा मृत्युदिन माहीत नसेल तर त्याचे कारण बहुधा या वर्गात असते.

या वाटेचा आतून लिहिलेला वृत्तान्त मराठीत सहजी मिळत नाही, पण बंगालीत आहे आणि तो मराठी कुटुंबांच्याही उपयोगाचा आहे. बंगाल ॲम्ब्युलन्स कोअरमधून गेलेले शिशिर सर्बाधिकारी हे कुतला पकडले गेले. ‘अभि ले बगदाद’ या त्यांच्या पुस्तकात रास-अल-ऐन आणि अलेप्पोतले दिवस आहेत, तसेच वाळवंटात मरायला सोडलेल्या आर्मेनियन लोकांची त्यांनी पाहिलेली दशाही आहे. दुसरे पुस्तक या विषयाच्या अगदी गाभ्याशी जाते. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले कॅप्टन कल्याणकुमार मुखर्जी कुतला कैद झाले आणि १९१७ साली रास-अल-ऐनला वारले. त्यांच्या आजी मोक्षदा देवी यांनी नातवाची घरी आलेली पत्रे जमवून, त्यांना युद्धाच्या हकिगतीची जोड देऊन ‘कल्याण-प्रदीप’ हा ग्रंथ लिहिला. तो १९२८ साली प्रसिद्ध झाला तेव्हा त्या ऐंशीच्या घरात होत्या. नातेवाइकाच्या कैदेचा शोध घेऊन लिहिलेले भारतीय भाषांतले इतके जुने आणि इतके तळमळीचे दुसरे पुस्तक दाखवणे कठीण आहे. कागद कसे मांडावेत, त्यांच्यातल्या फटी कशा दाखवाव्यात आणि दुःख लपवू नये हे सारे त्यात आहे.

जिनिव्हाच्या कागदांकडे वळण्याआधी ते कसे तयार झाले हे समजून घ्यावे. पहिले महायुद्ध सुरू होताच, ऑगस्ट १९१४ मध्ये, आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीने युद्धकैद्यांसाठी एक संस्था उभी केली. प्रत्येक देशाने पकडलेल्या माणसांच्या याद्या तिच्याकडे पाठवायच्या, तिने प्रत्येक नावाचे एक कार्ड करायचे आणि घरच्यांची चौकशी आली की दोन्ही जुळवून उत्तर द्यायचे, अशी ती व्यवस्था होती. ही कार्डे आणि याद्या आज इंटरनेटवर पाहता येतात. २००७ साली युनेस्कोने त्यांची नोंद जागतिक स्मृतिठेव्यात केली. कार्डावर बहुधा फारच थोडे असते: नाव, पलटण, आणि मूळ यादीचा क्रमांक. खरी माहिती त्या यादीत असते, म्हणून कार्ड सापडले की शोध संपला असे समजू नये. यादीत पकडल्याचे ठिकाण, छावणी, आजारपण आणि कधी कधी बापाचे नाव मिळते. भारतीयांच्या नोंदी ब्रिटिश साम्राज्याच्या कागदांत पाहाव्या लागतात. तुर्कांकडून आलेल्या याद्या जर्मनीच्या याद्यांइतक्या नीटनेटक्या नाहीत. दुसऱ्या महायुद्धाची कार्डे अशी खुली नाहीत. त्यांसाठी समितीकडे वर्षातून ठरावीक वेळी अर्ज स्वीकारले जातात, आणि संख्येची मर्यादा भरली की पुढच्या वेळेपर्यंत थांबावे लागते.

जर्मनीत पहिल्या महायुद्धातल्या भारतीय कैद्यांची मुख्य जागा बर्लिनच्या दक्षिणेला वुन्सडॉर्फ इथली ‘अर्धचंद्र छावणी’ होती. तिथे जर्मन भाषाशास्त्रज्ञांनी कैद्यांचे आवाज ध्वनिमुद्रित केले. त्या तबकड्या आज बर्लिनच्या हुम्बोल्ट विद्यापीठाच्या ध्वनिसंग्रहात आहेत, आणि शंभर वर्षांपूर्वीच्या साध्या शिपायाचा प्रत्यक्ष आवाज ऐकू येण्याची ती जवळजवळ एकमेव सोय आहे. फ्रान्सकडची भारतीय शिपायांची पत्रे सेन्सॉर वाचत असे आणि त्यांतले उतारे इंग्रजीत करून अहवालात घालत असे. ते अहवाल लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत.

दुसऱ्या महायुद्धात मराठा शिपायांच्या कैदेचे सर्वांत मोठे ठिकाण लिबियातले तोब्रुक. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी बटालियन अकराव्या भारतीय ब्रिगेडमध्ये होती आणि तोब्रुकच्या आग्नेय बाजूचा तट तिच्याकडे होता. २० जून १९४२च्या पहाटे जर्मन सेनापती रोमेलने नेमका तोच भाग निवडला. बॉम्बफेकी विमाने, तोफा आणि मग रणगाडे अशा क्रमाने हल्ला आला आणि मराठ्यांची फळी तुटली. दुसऱ्या दिवशी सकाळी तोब्रुकचे सेनापती क्लॉपर शरण गेले. एकंदर ३३ हजारांच्या आसपास सैनिक पकडले गेले. ज्या घरात ‘आफ्रिकेत पकडले’ एवढेच माहीत आहे आणि पलटण २/५ आहे, तिथे पकडल्याची तारीख एका-दोन दिवसांच्या फरकाने ठरवता येते. त्या महिन्यातल्या पलटणीच्या रोजनिशा लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात ‘डब्ल्यूओ १६९’ या मालिकेत आहेत. पहिल्या महायुद्धाच्या ‘डब्ल्यूओ ९५’ मध्ये आणि आग्नेय आशियाच्या ‘डब्ल्यूओ १७२’ मध्ये मिळतात.

तोब्रुकहून कैदी बेनगाझीला आणि तिथून जहाजाने इटलीला जात. हा प्रवास प्राणघातक होता, कारण जहाजांवर कैदी असल्याची खूण नसे आणि त्यांना बुडवणाऱ्या पाणबुड्या ब्रिटिशांच्याच असत. १७ ऑगस्ट १९४२ रोजी ‘निनो बिक्सिओ’ या जहाजावर पाणतीर आदळले आणि तळघरात कोंबलेले शेकडो कैदी मेले. १३ ऑक्टोबरला ‘लोरेतो’ बुडाले. त्यावर सुमारे ३५० भारतीय कैदी होते आणि शंभराहून अधिक बुडून मेले. १९४२च्या उत्तरार्धातला ‘समुद्रात मृत्यू’ असा शेरा पायदळाच्या शिपायापुढे दिसला तर तो चुकीचा समजून सोडून देऊ नये.

इटलीत भारतीयांसाठी वेगळ्या छावण्या होत्या. अब्रुत्सी डोंगराळ प्रदेशातली अवेत्सानोची छावणी त्यांतली मोठी. नेपल्सजवळच्या अव्हेर्साला अधिकारी ठेवले होते. पुढे भारताचे लष्करप्रमुख झालेले कुमारमंगलम आणि पुढे पाकिस्तानचे राष्ट्राध्यक्ष झालेले याह्या खान, दोघेही इटलीत कैदी होते. लंडनमधला इंडियन कम्फर्ट्स फंड भारतीयांच्या खाण्याला चालतील अशी पार्सले रेडक्रॉसमार्फत पाठवत असे आणि जिवंत परतलेल्या पुष्कळांनी आपला जीव या पार्सलांनी वाचवला असे मानले. ८ सप्टेंबर १९४३ रोजी इटलीच्या शरणागतीची घोषणा झाली. पहारेकरी निघून गेले, जर्मन अजून पोचायचे होते, आणि त्या थोड्या अवकाशात हजारो कैदी डोंगरांत पसरले. धनगरांनी आणि शेतकऱ्यांनी त्यांना घरात ठेवले, स्वतःच्या जिवावर उदार होऊन. सापडलेल्यांना जर्मनीत नेण्यात आले. भारतीयांची एक मोठी छावणी ॲनाबुर्गला होती, आणि सुभाषचंद्र बोस यांच्या जर्मनीतल्या लीजनची भरती तिथल्याच कैद्यांतून मुख्यतः झाली. लीजनमध्ये गेलेल्यांची संख्या तीन हजारांच्या आसपास होती.

पूर्व फ्रान्समधल्या एपिनालला भारतीय कैद्यांची आणखी एक छावणी होती. ११ मे १९४४ रोजी अमेरिकन विमानांचे बॉम्ब तिच्यावर पडले, काही डझन कैदी मेले आणि भिंती कोसळल्या. मोकळे झालेले लोक शेतांतून, फ्रेंच खेडुतांच्या मदतीने, आग्नेयेकडे चालू लागले आणि पाचशेहून अधिक भारतीय स्वित्झर्लंडमध्ये पोचले. एवढी मोठी सुटका असूनही ती ऐंशी वर्षे जवळजवळ विस्मृतीत राहिली. गोऱ्या अधिकाऱ्यांच्या एकेका पलायनावर पुस्तके आणि चित्रपट निघाले. पाचशे शिपायांचे चालणे मात्र नातवंडांनी विचारीपर्यंत कोणी मांडले नाही. घरातले आजोबा एखादा इटालियन किंवा फ्रेंच शब्द बोलत असत, चीज किंवा द्राक्षाच्या मळ्याची गोष्ट सांगत असत, अशी आठवण असेल तर ती नोंद करून ठेवावी. तारखेइतकाच तो पुरावा आहे.

पूर्वेकडची कैद वेगळ्या जातीची होती. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले आणि दोन दिवसांनी फॅरर पार्कच्या मैदानावर चाळीस हजारांच्या वर भारतीय सैनिक जपानच्या स्वाधीन करण्यात आले. जिनिव्हा कराराला जपानने मान्यता दिलेली नव्हती, याद्या वेळेवर पाठवल्या जात नव्हत्या, आणि घरी कित्येक महिने, कधी दोन-तीन वर्षे, काहीच बातमी येत नसे. बायकोला कुंकू ठेवायचे की नाही असा प्रश्न त्या काळात अनेक घरांत उभा राहिला. मैदानावरच्या याच सैनिकांतून आझाद हिंद फौज उभी राहिली. सावंतवाडीजवळच्या तिरोड्याचे जगन्नाथराव भोसले हे गढवाल रायफल्समधले अधिकारी सिंगापूरला पकडले गेले आणि फौजेच्या सर्वोच्च अधिकाऱ्यांत गणले गेले. जे फौजेत गेले नाहीत त्यांतल्या हजारोंना मजूर म्हणून न्यू गिनी, न्यू ब्रिटन अशा बेटांवर नेण्यात आले.

न्यू गिनीच्या वेवाक भागात सुमारे तीन हजार भारतीय कैदी उतरवले गेले. दोन वर्षांच्या उपासमारीनंतर, सप्टेंबर १९४५ अखेर अंगोराम इथे ऑस्ट्रेलियन सैन्याला त्यांतले अकरा जिवंत सापडले. घरी परतताना विमान कोसळून त्या अकरांपैकी दहा मेले. उरलेले चिंत सिंग युद्धगुन्ह्यांच्या चौकशीत साक्ष देण्यासाठी मागे थांबले होते. त्यांच्या साक्षीने आणि पुढे त्यांच्या मुलाने घेतलेल्या शोधाने ही हकिगत जगापुढे आली. इथे खटल्यांच्या कागदांचे मोल कळते. राबाउल, सिंगापूर आणि इतर ठिकाणी चाललेल्या खटल्यांत साक्षीदाराचे नाव, क्रमांक, पलटण, कैदेची ठिकाणे आणि मेलेल्या सोबत्यांची नावे उतरलेली आहेत. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अभिलेखागारातले असे पुष्कळ कागद घरबसल्या वाचता येतात. एखाद्या शिपायाची साक्ष नसली तरी त्याच्या मरणाची नोंद दुसऱ्याच्या साक्षीत असू शकते.

आझाद हिंद फौजेत गेलेल्या माणसाचा माग वेगळ्या दारातून काढावा लागतो. १९४५ मध्ये परतलेल्या कैद्यांची सैन्याने छाननी केली आणि त्यांना ‘पांढरे’, ‘करडे’ आणि ‘काळे’ असे तीन शेरे दिले. काळ्या शेऱ्याच्या माणसाला काढून टाकले गेले, त्याचा थकीत पगार बुडाला आणि त्याच्या पलटणीच्या इतिहासातून तो गळला. फौजेची कागदपत्रे दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि त्यांतली बरीच ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर पाहता येतात. १९७२ साली स्वातंत्र्यसैनिकांना पेन्शन सुरू झाल्यावर फौजेतल्या माणसांनी केलेले अर्ज हा आणखी एक साठा आहे. कैदेबद्दल कधीही न बोललेल्या माणसाने या अर्जात पहिल्यांदा स्वतःच्या शब्दांत लिहिले, असे घडलेले आहे. ‘पांढरे’ आणि ‘काळे’ हे शेरे एका साम्राज्याने आपल्या सोयीसाठी दिलेले आहेत. उपाशी माणसाने मैदानावर घेतलेल्या निर्णयाचा न्याय त्यांवरून करू नये.

कोकणातल्या घरांना आणखी एका वर्गाची आठवण ठेवावी लागते. ब्रिटिश व्यापारी जहाजांवर रत्नागिरीचे आणि गोव्याचे खलाशी मोठ्या संख्येने होते. पहिल्या महायुद्धात जर्मन बंदरांत अडकलेले भारतीय खलाशी छावण्यांत गेले. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीच्या उत्तर भागात ‘मिलाग नोर्ड’ ही व्यापारी खलाशांची छावणी होती आणि तिथे भारतीयांसाठी वेगळा भाग होता. या माणसांची पलटण नसते, म्हणून शोध जहाजाच्या नावापासून सुरू होतो. समुद्रात गेलेल्या भारतीय खलाशांची स्मारके मुंबईच्या इंडियन सेलर्स होममध्ये आहेत.

कैदेत मेलेल्यांचा शोध कॉमनवेल्थ युद्धस्मशान आयोगाच्या नोंदींत घेतात. इथे एका अन्यायाची जाणीव ठेवावी लागते. मेसोपोटेमियातल्या मृतांच्या बसरा स्मारकावर ब्रिटिश शिपायांची नावे कोरली गेली. भारतीय शिपायांची नावे न कोरता पलटणीपुढे फक्त त्यांची संख्या दिली गेली. गावोगावच्या संगमरवरी पाट्यांवरही, गेले किती आणि मेले किती, एवढाच आकडा आहे. आयोगाने २०२१ साली स्वतःच्या अहवालात मान्य केले की ४५ ते ५४ हजार मृतांना, मुख्यतः भारतीय आणि आफ्रिकी, असमान वागणूक दिली गेली. त्यामुळे दगडावर नाव नाही म्हणून माणूस मेलाच नाही असे धरू नये. आयोगाच्या वहीत ते असू शकते. उलट बव्हेरियातल्या ड्यूर्नबाखला फ्रान्स आणि जर्मनीत कैदेत मेलेल्या २३ भारतीयांचे स्मारक आहे. त्यांचे दहन झाले असल्याने कबरी नाहीत, पण नावे सगळी आहेत.

या सर्व कागदांना शेवटी जोडणारा दुवा भारतातच आहे. मराठा पलटणींच्या शिपायांच्या नोंदी बेळगावच्या रेजिमेंटल केंद्राशी जोडलेल्या अभिलेख कार्यालयाकडे, आणि बॉम्बे सॅपर्सच्या खडकीला. जवळच्या नातेवाइकाने शिपाई क्रमांक, पूर्ण नाव, बापाचे नाव, तेव्हाचा जिल्हा आणि भरतीचे अंदाजे वर्ष देऊन अर्ज केला, तर उरलेला शीट रोल, म्हणजे त्याच्या सेवेचे नोंदपत्रक, पाहून उत्तर मिळण्याची शक्यता असते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून हा अर्ज पुढे जाऊ शकतो. शीट रोलमध्ये कैदेपुढे दोन तारखा असतात, पकडल्याची आणि सुटल्याची. सुटल्याची तारीख ही घरी पोचल्याची नव्हे. मधल्या काळात रुग्णालय, छाननी, थकीत पगाराचा हिशेब आणि परतीच्या जहाजाची वाट पाहणे होते. कुतच्या कैद्यांच्या बाबतीत हे महिने १९१८च्या हिवाळ्यापासून १९१९पर्यंत गेले, आणि सिंगापूरच्या कैद्यांच्या बाबतीत १९४५च्या सप्टेंबरपासून १९४६पर्यंत. घरातल्या आठवणीतले वर्ष आणि कागदावरचे वर्ष जुळत नसेल तर आधी हा काळ मोजून पाहावा.